नाकाशेजारचा झुपका

आमच्या कारखान्यात केस कुठे नसतो ते विचारा. चहात असतो, डब्यात असतो, बाहीत असतो, चपलेत असतो. आम्ही टोप करतो, केसांचे टोप. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची, हुकाच्या सुईने जाळीच्या भोकात दोन-तीन केस ओवायचे, गाठ मारायची, की पुढचं भोक. सकाळी बसायचं ते संध्याकाळी मान धरली की उठायचं. आणि हे तुटके केस अंगात रुततात हो, कुसळासारखे. बोटांच्या बेचक्यात, नखाखाली, गळ्याशी. रुतला की फोड येतो. फोड आला की चिमट्याने केस ओढायचा, जरा मलम लावायचं आणि पुढची गाठ मारायची. त्याचं कुणी कौतुक करत नाही.

म्हणून माझ्या नाकाशेजारी मिरीएवढा फोड आला आणि त्याच्या मधल्या भोकातून पांढरा केस डोकावला, तेव्हा मी काही डोक्याला हात लावून बसले नाही. त्या दिवसांत आम्ही एका नाटक कंपनीसाठी पांढरे टोप करत होतो. म्हाताऱ्यांचा ताफाच होता त्या नाटकात. टेबलं पांढरी, जमीन पांढरी, आम्ही पांढऱ्या. त्यातला एखादा केस माझ्या नाकाशी घुसला तर नवल ते काय!

माझ्या शेजारच्या खुर्चीवर मावशी बसते. सख्खी नव्हे, कारखान्यात सगळ्यांत जुनी म्हणून सगळ्यांचीच मावशी. तिचा चिमटा कायम गळ्यात दोरीला अडकवलेला. "तोंड कर इकडे," म्हणाली आणि ओढला. "निघाला बघ. नाटकातला म्हातारा होता."

पुढच्या आठवड्यात म्हातारा परत आला. एकटा नाही, दोघा-तिघांना घेऊन. लोकरीसारखे मऊ, बारीक. मावशीने तेही ओढले. मग हे दर आठवड्याचंच झालं. डबा खाऊन झाला की मी तोंड पुढे करायचं आणि तिने चिमटा चालवायचा. "अगं, तू केस ओवतेस की नाकाने ओढतेस?" असं म्हणायची. आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसरी कुणी असती आणि तिच्या गालातून पांढरा झुपका निघाला असता तर ती किंचाळत दवाखान्यात गेली असती. आमचं आयुष्य केसांत गेलेलं. केस कुठेही दिसला की तो बाहेरून आला, एवढंच आम्हाला ठाऊक.

घरी तो पहिल्यांदा सासूबाईंना दिसला. ह्यांना दिसला नाही. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट वर-खाली करतात आणि घरी आले की स्वतः काही जागचे उठत नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितल्याला किती काळ लोटला, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. सासूबाईंना मात्र रोज बघावंच लागतं. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं त्याला तीन वर्षं होत आली. तेव्हापासून त्या खाटेवरच आहेत. त्यांना कुशीवर वळवायचं म्हणजे मी वाकते, त्या माझ्या गळ्यात हात घालतात आणि मी त्यांना ओढून घेते. त्या वेळी आमची नाकं एकमेकींना लागायची तेवढी बाकी असतात.

"तुझ्या नाकाशी गवत उगवलंय," त्या म्हणाल्या.

"कामाचा केस आहे आई. रुतलाय."

"रुतलेला केस वाढत नाही, बाई."

"वाढत नाही, नवा रुततो. जरा मान सैल सोडा बघू, माझी कंबर जातेय."

माझं असंच आहे. कुणी काही सांगायला लागलं की माझी कंबर जात असते, नाहीतर दूध उतू जात असतं. सकाळी उठून सासूबाईंचं अंग पुसणं, कपडे बदलणं, वेणी. मग स्वयंपाक, डबे, कारखाना. संध्याकाळी आलं की पुन्हा त्यांना वळवणं, चादरी, स्वयंपाक, भांडी. सुट्टीच्या दिवशी तेच सगळं, वर धुणं. थकले असं म्हणायचीही सोय नाही, कारण म्हटलं की हे म्हणतात, "मग जरा पड ना." पड ना! भांडी काय लिफ्टने वर येऊन फळीवर बसणार आहेत? मला मुळात काय हवं होतं म्हणाल तर एवढंच. पडायचं होतं. दुपारच्या उजेडात, पांघरूण घेऊन, कुणी हाक मारणार नाही अशी खात्री असताना. तेवढ्यासाठी मी काय दिलं असतं, ते मलाच माहीत.

तर नाटकाचे टोप संपले. दवाखान्यांसाठी काळ्या टोपांचं काम आलं. ज्यांचे केस औषधांनी गळतात त्यांच्यासाठी. कारखाना धुतला, टेबलं पुसली, जिकडे तिकडे काळे केस. तरी पांढरे निघत राहिले, ते जुने उरलेसुरले असतील असं आम्ही धरून चाललो. महिनाभराने डबा खाऊन मी सवयीने तोंड पुढे केलं. मावशीने चिमटा लावला, ओढला आणि केस उजेडात धरून बघत बसली.

"काय गं?"

"आपण महिनाभर काळे ओवतोय," मावशी म्हणाली. "हा पांढरा कुठला?"

इतके महिने जे आम्ही दुसऱ्यांचं म्हणून उपटत होतो, ते माझंच होतं. माझ्याच आत उगवत होतं. मावशीने चिमटा फडक्याला पुसला, दोनदा पुसला. "आजच्या आज डॉक्टरकडे जा," म्हणाली, आणि त्या दिवशी तिने एकही विनोद केला नाही. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

कातडीच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होती, शांत, हळू बोलणारी. मोठं भिंग लावून बघितलं. म्हणाली, "बहुतेक काळजीचं नाही. पण या जागी असा दिसणारा दुसराही एक प्रकार असतो, तो वाईट. म्हणून पूर्ण काढू आणि तपासायला पाठवू." जागा बधिर करून काढलाही तिने. दोन टाके. "दोन दिवस वाकू नका, जड उचलू नका. आठवड्याने या."

हे बरोबर आले होते. मावशीनेच फोन करून पाठवलं त्यांना. एवढ्या बोलण्यातला 'बहुतेक काळजीचं नाही' हा भाग त्यांच्या कानाबाहेरूनच गेला. 'तपासायला' आणि 'वाईट' एवढेच दोन शब्द घेऊन ते घरी आले. बसमध्ये त्यांनी माझी पिशवी घेतली. लग्नानंतर पहिल्यांदा. मी म्हटलं, "अहो, तिच्यात रिकामा डबा आहे." तरी दिली नाही.

घरी येऊन त्यांनी बहिणीला फोन केला. माझी धाकटी नणंद म्हणजे वावटळ. आली की घर हलतं. तिला यायला कधी वेळ नसायचा. तिची नोकरी, तिची मुलं, तिचा दमा. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन दारात हजर. मला मिठी मारून रडली आणि म्हणाली, "वहिनी, तू आता काही म्हणजे काही करायचं नाहीस. आईचं मी बघते. तू पड."

आणि मी पडले.

काय सांगू तुम्हाला! पहिल्या दुपारी झोप लागेना. भांड्यांचा आवाज आला की अंग आपोआप उठायचं. दुसऱ्या दुपारी लागली ती अशी लागली की जाग आली तेव्हा उशीवर लाळ होती आणि खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकून कपाटावर गेलं होतं. ह्यांनी चहा करून आणला. बेचव, साखर विसरलेला. पण आणून दिला, आणि उभे राहून विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, "थोडं." खरं म्हणजे काहीच दुखत नव्हतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

एकच गोष्ट खुपायची. वावटळ आईला पुसायची ती टेबल पुसल्यासारखी. वळवायची ती पोतं वळवल्यासारखी. मनाने वाईट नाही ती, हाताला दम नाही. आणि वेणी! सासूबाईंचे केस अजून लांब आहेत, बारीक आणि गुंतणारे. खालून थोडे थोडे सोडवत वर जावं लागतं. मी केसांतलीच, मला त्याचं काही वाटत नाही. वावटळ वरून फणी घालायची आणि खाली ओढायची. "आई गं! मेले गं! अगं माझं डोकं आहे, झाडू नव्हे!" सासूबाईंचा आवाज जिन्यापर्यंत जायचा. "मग कापून टाकू या ना आई, किती सुटसुटीत होईल," इति वावटळ. "माझी मान काप त्याआधी," इति सासूबाई. मी आतल्या खोलीत पांघरूण डोक्यावरून घ्यायची.

दिवस जात होते तसं माझ्या मनात एक येऊ लागलं. सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला वाटायला लागलं, काहीतरी निघावं. मोठं नको. मरायचं नव्हतं मला. वाईटही नको. पण अगदीच काही नाही, असंही नको. मधलं काहीतरी. महिनाभर पडून राहा, असं म्हणण्याइतपत काहीतरी. जे टोप मी ओवत बसते ते कुणासाठी असतात हे ठाऊक असून मला असं वाटत होतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. तरी वाटायचंच.

आठवड्याने हे बरोबर यायला निघाले होते. मी नको म्हटलं. "दोघांनी कशाला? एखाद्या लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर तुम्हाला शोधतील." एकटी गेले.

डॉक्टरबाईने टाके काढले, हसली आणि म्हणाली, "काही नाही निघालं. अगदी निरुपद्रवी. पण आहे मात्र दुर्मीळ. मी स्वतः पहिल्यांदाच पाहिला." मग नाव सांगितलं. ट्रायकोफॉलिक्युलोमा. नाव असं की ऐकूनच माणसाने दोन दिवस झोपावं. "म्हणजे काय हो?" विचारलं तर तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. केसाचं एक मूळ मोठं होतं, फुगतं, आणि त्याच एका मुळाला चारी बाजूंनी छोटी छोटी मुळं फुटतात. प्रत्येकातून एकेक नाजूक केस येतो. सगळे एकाच भोकातून बाहेर पडतात, म्हणून झुपका दिसतो.

"म्हणजे एकाच्या जिवावर सगळे," मी म्हटलं. "आमच्या घरासारखं."

ती हसली. "पूर्ण निघालाय. तुम्ही आजपासून सगळं करू शकता. कामावरही जा. काही म्हणजे काही बंधन नाही."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी एक म्हातारा आपली टोपी मांडीवर ठेवून नंबर यायची वाट बघत होता. त्याच्या कपाळावर केवढा तरी काळा डाग. त्याला काय ऐकायला लागणार होतं देव जाणे, आणि मी, मला काही झालं नाही म्हणून तिथे रडकुंडीला आले होते. शरम वाटली. उठले. सरळ घरी जायच्या ऐवजी दोन बस सोडल्या. भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहून उगाच पातेली बघितली. मग तिसरी बस घेतली, कारण चौथी घेऊन तरी काय होणार होतं.

घरी वावटळ नव्हती, औषधं आणायला गेली होती. हे कामावर. सासूबाई एकट्याच, दाराकडे तोंड करून. त्यांना तसं वळवून गेली असणार ती. डोक्याखालची उशी वाकडी झाली होती. मी पिशवी ठेवली, उशी सरळ केली.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"काही नाही निघालं, आई."

"खरं सांग."

"खरंच. निरुपद्रवी म्हणाली. सगळं करा म्हणाली आजपासून."

"देवा!" त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, कानाकडे गेलं. ते मी पदराने पुसलं. पुसताना माझंच पाणी त्यांच्या गालावर पडलं. आमची नाकं नेहमीसारखी जवळ होती.

त्यांनी डोळे उघडले. बघत राहिल्या. "मग तू का रडतेस?"

"कुठे काय. आनंदाने."

"आनंदाने रडणाऱ्या बायका बघितल्यात मी," त्या म्हणाल्या. "अशा नसतात दिसायला."

बोलायला गेले असते तर हंबरडाच फुटला असता. स्वयंपाकघरात ओट्यावर सकाळची भांडी तशीच पडलेली दिसत होती.

"उद्या ती जाईल आपल्या घरी," सासूबाई म्हणाल्या.

"जाईलच ना. तिची मुलं आहेत."

"आणि मी पुन्हा बसले तुझ्या मानगुटीवर."

"तसं नाही हो आई."

"तसंच आहे. माझं हाड मोडलंय, डोकं नाही मोडलं. तीन वर्षं रोज जवळून बघतेय तुझं तोंड. या आठवड्यात पहिल्यांदा ते माणसासारखं दिसलं." त्यांनी हात उचलला आणि टाके होते त्या जागी बोट ठेवलं, अगदी हलकेच. "इथे गवत होतं तेव्हा तू म्हणालीस, कामाचं आहे. बरोबरच म्हणालीस."

मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले. किती वर्षांत मी तिथे नुसती बसले नव्हते. त्या खाटेपाशी मी कायम वाकलेलीच असायचे. मी म्हटलं, "आई, मला इतका कंटाळा आलाय. तुमचा नाही हो. कुणाचाच नाही. नुसता कंटाळा आलाय."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "गप्प बस आता."

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि वावटळ आत शिरली. हातातली पिशवी टाकलीच तिने. "आलीस? काय म्हणाले? वहिनी, काय म्हणाले गं?"

मी तोंड उघडलं. पण सासूबाई माझ्या आधी बोलल्या, आणि त्या एवढ्या ठणठणीत आवाजात बोलल्या की मीच दचकले.

"देवाच्या दयेने वाईट काही नाही. पण मुळं खोल होती म्हणे. अजून पंधरा दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, कामावर जायचं नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय."

"पंधरा दिवस?" वावटळीचं तोंड जरा उतरलं. मग तिने पदर खोचला. शेवटी मनाने चांगली. "असू दे. मी मुलांना इकडेच आणते. रजा वाढवते. दादालाही जरा हलवते, खुर्चीला चिकटलाय नुसता. वहिनी, तू अशी बसलीस काय? जा, पड बघू आधी."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. छताकडे बघत म्हणाल्या, "जा म्हटलं ना तुला? आणि तू गं, माझी वेणी राहिलीय सकाळपासून. घे फणी."

मी आतल्या खोलीत गेले. दुपारचा उजेड होता. पांघरूण घेतलं. दार अर्धवट लोटलेलं, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. खाट करकरली. फणी पहिल्यांदा केसांत घुसली आणि खसकन खाली आली. तो आवाज मला ओळखता येतो. गाठ तुटल्याचा असतो तो, सुटल्याचा नाही. मी वाट बघत राहिले, आता 'आई गं' येईल, आता 'मेले गं' येईल.

"दुखतंय का गं आई?" वावटळीने विचारलं. "आज गप्प कशी तू?"

"छे," सासूबाई म्हणाल्या. "हात बसला तुझा आता."

फणी पुन्हा खाली आली. मग पुन्हा. सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही. मला उठावंसं वाटलं, तिच्या हातातून फणी घ्यावीशी वाटली. उठले नाही. पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि रडत रडत झोपले.